कुरडयांच्या डब्यातली जपानी गाणी

मी पत्रकं लिहिते. शाळा सुटल्यापासून तेच करत आले. दारूवर लिहिली, पाण्यावर लिहिली, हुंड्यावर तर इतकी लिहिली की छापखान्यातला खिळे जुळवणारा माणूस माझी पहिली ओळ मला न विचारताच जुळवायला घ्यायचा. त्यामुळे घोळवून सांगणं मला जमत नाही. सरळच सांगते. मी एका बाईला तिच्या बसायच्या जागेवरून उठवलं. कागदाने उठवलं. तो कागद परवा पुन्हा हातात आला.

देवपुरातल्या आमच्या घराला रंग द्यायचा म्हणून माळा रिकामा करत होते. कोपऱ्यात मागे ढकललेला पत्र्याचा उंच डबा निघाला. झाकण गंजून बसलं होतं, उलथन्याने उचकटलं. आत कुरडया. सहा-सात उन्हाळ्यांपूर्वीच्या, पिवळसर पडलेल्या, बोट लावलं की भुगा. आणि तो वास! आंबलेल्या गव्हाचा, उन्हात तापलेल्या धोतराच्या कापडाचा, थोडासा हिंगाचा. इतकी वर्षं झाकणाखाली धरून ठेवलेला वास एकदम तोंडावर आला.

डब्याच्या तळाशी घडी घातलेलं गुलाबी पत्रक होतं. ते मीच तिथे खुपसलं होतं, कुणाला दिसू नये म्हणून. एका बाजूला ठळक ठशात मी लिहिलेला मजकूर. दुसऱ्या बाजूला शिसपेन्सिलीने, माझ्याच अक्षरात, सतरा जपानी गाण्यांची नावं.

खालून आई ओरडली, "काय सापडलं गं?"

"काही नाही," मी म्हटलं. आयुष्यभर खरं बोला, खरं बोला म्हणून चौकाचौकांत ओरडले, आणि आईला पहिला शब्द हा.

आमची लाइनीतली तीन घरं आणि वर गच्ची एकच. एक घर आमचं, एक ताराकाकूंचं, एक नानांचं. नाना कचेरीत कारकून होते. त्यांची मुलगी शैला माझ्याच वर्गात, आणि त्यांच्याकडेच राहायची त्यांची थोरली बहीण. तिला मी इथे इंदूअक्का म्हणते. लग्न झालेलं नव्हतं. का, ते आम्ही पोरींनी कधी विचारलं नाही. अक्का म्हणजे नानांच्या घरातली अक्का, एवढंच आम्हाला माहीत. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं तळव्याकडे वळलेली. "लहानपणी स्टोव्ह भडकना," असं ती सांगायची, आणि खानदेशात स्टोव्ह भडकतातच, त्यामुळे कुणी पुढे विचारत नसे.

चैत्र लागला की गच्ची बायकांची. गहू तीन दिवस भिजत पडायचे, रोज पाणी बदलायचं, आणि तिसऱ्या दिवशी जिन्याखालून असा आंबूस वास सुटायचा की गल्लीत कोणाकडे कुरडया आहेत ते डोळे मिटून सांगता यावं. वाटलेला गहू पिळून काढायचा, चीक रात्रभर निवळत ठेवायचा, आणि पहाटे पाणी उकळून त्यात सोडायचा. ताराकाकू पदर खोचून लाकडी दांडा फिरवायच्या. हात गेला की आई घ्यायची. चीक काचेसारखा चमकायला लागला की आम्हा पोरींना वाटीत मिळायचा, वर कच्चं तेल आणि मीठ. जीभ भाजायची, टाळू भाजायचा, पण थांबायला वेळ कोणाला होता! मग सोऱ्या भरभरून वर न्यायचे आणि ऊन चढायच्या आत जुन्या धोतरांवर कुरडया घालायच्या. गोल, गोल, गोल. सकाळी आठला गच्ची पांढऱ्या जाळीने भरलेली असायची.

इंदूअक्का या कशालाच हात लावत नसे. गव्हाला नाही, चिकाला नाही, सोऱ्याला नाही. तिचं काम राखणीचं. पाण्याच्या टाकीच्या सावलीत गोणपाट टाकून ती बसायची, डोक्यावर काळी छत्री, उजव्या हातात कडुलिंबाची फांदी. कावळा उतरला की फांदी. चिमणीला मात्र ती एखादी चोच माफ करायची. ताराकाकू टोमणा मारायच्या, "अक्काची मजा आहे बाई, राणी एलिझाबेथ! आम्ही घाम गाळायचा आणि हिने छत्रीत बसायचं."

"मंग राजाले कोन पाहीन? कावळा राजाच शे तुमना," अक्का तिच्या अहिराणीत म्हणायची; शे म्हणजे आहे. सगळ्या हसायच्या. तिची ती जागा ठरलेली होती. टाकीची सावली सरकेल तसं गोणपाट सरकायचं, आणि आम्ही पोरी गोणपाटाबरोबर. गच्चीवर अक्का नाही असा उन्हाळा आम्हाला माहीत नव्हता.

गच्चीवरून पांझरेचं पात्र दिसायचं, उन्हाळ्यात नुसती वाळू, आणि पलीकडून आग्रा रोडच्या ट्रकांची घरघर यायची. अक्का ती ऐकायची. मधेच विचारायची, "हा ट्रक आग्र्याले कधी पोचीन व?" आम्ही म्हणायचो, परवा. ती मान डोलवायची, जणू तिथे कोणीतरी त्या ट्रकची वाट पाहत होतं.

राखण करता करता भेंड्या चालायच्या. पण आमच्या गच्चीवरच्या भेंड्या वेगळ्या. बाकी गावात गाणं म्हणायचं, शेवटचं अक्षर पुढच्यावर जायचं. आमच्याकडे गाणं म्हणायचं नाही, नुसतं नाव सांगायचं. ही पद्धत अक्काने आणलेली. "गळा कसाले सुकाडतीस? नाव सांग, पुढे चाल," असं ती म्हणायची. नियम दोनच. एक, नावाच्या शेवटी नुसता न आला की तो गडी बाद; ना, ने, नो चालायचं. हा नियम कुठला, कोणाला ठाऊक. अक्काचा म्हणून आम्ही पाळायचो. दुसरा नियम आम्ही पोरींनी घातलेला: नाव खोटं वाटलं तर समोरच्याने म्हणायचं, "ओळ म्हण." मग एक ओळ गाऊन दाखवायची. नाही आली तर भेंडी.

आणि अडली की अक्का जपानी गाणी काढायची.

'नेको तो कासा.' म्हणजे मांजर आणि छत्री. 'साकाना नो योरु', माशांची रात्र. 'शिरोइ कोबुने', पांढरी होडी. देवपुरात, मे महिन्यात, आंबूस वासाच्या गच्चीवर ही नावं अशी पडायची, जशी कुणी परक्या देशाची नाणी ओंजळीतून सांडावीत. आम्हाला अर्थापेक्षा आवाज आवडायचा. शैला तर पोळ्या लाटतानाही 'शिरोइ कोबुने, शिरोइ कोबुने' म्हणत लाटणं फिरवायची.

मी तेव्हा पाचवीत असेन. मला लहानपणापासूनच लोकांना पकडण्याची खोड. एके सकाळी अक्का माझ्यावर भेंडी चढवायच्या बेतात होती आणि तिने एक जपानी नाव टाकलं. मी उठून उभी राहिले.

"खोटं! सगळं खोटं आहे. अशी गाणी नसतातच. मनाला येईल ते नाव ठोकून देते ही."

"बस खाली," आई म्हणाली.

"का बसू? नियम आहे. ओळ म्हण!"

अक्काने माझ्याकडे पाहिलं. "ओ वकीलीनबाई, कावळा कुरडई लई गया, आन् तू मालेच पकडी ऱ्हायनी." मग तिने छत्री बाजूला ठेवली. गाण्यासाठी छत्री मिटणारी बाई मी पहिल्यांदाच पाहत होते.

ती गायली. एकच ओळ म्हणायची होती, ती पूर्ण गाणं गायली. आवाज काही गोड नव्हता, फाटका होता. पण चाल अशी की वर चढताना थांबायची, कोणीतरी जिन्यात मागे वळून पाहावं तशी, आणि मग दोन पायऱ्या खाली यायची. गाताना ती डावा हात उघडत होती, मिटत होती. तालावर. वळलेली दोन बोटं जेवढी उघडतील तेवढी उघडायची, पुन्हा मिटायची. ताराकाकूंचा सोऱ्या हातातच राहिला. खालचा भाजीवाला ओरडत गेला, कोणी वाकून पाहिलं नाही.

"कुठे शिकलीस गं हे?" आईने विचारलं.

"रेडिओवर," अक्का म्हणाली आणि छत्री उघडली.

रेडिओवर तसं काही शिकता येत नाही, हे कळायला मला कॉलेजात जावं लागलं.

कॉलेजात मी चळवळीत शिरले. नाव कशाला सांगू, आम्ही दहाबारा जण होतो, खादीच्या झोळ्या होत्या आणि राग होता. जळगावला आमचं शिबिर झालं. केळीच्या वखारीमागची एक शाळा, रात्रंदिवस पिकत्या केळीचा गोड उबट वास, सतरंजीवर आम्ही. पत्रक कसं लिहायचं, ते तिथे शिकवलं. वाक्य आखूड. पहिल्या ओळीत धक्का. आणि शिकवणारे सर फळ्यावर खडूने लिहून दाखवायचे: खरं नाव, खरं गाव. "नावाशिवाय पत्रक म्हणजे वाऱ्यावरची वरात," ते म्हणायचे. "लोक 'एक बाई' वर विश्वास ठेवत नाहीत. 'अमक्या गावची अमकी' म्हणा, मग बघा कसे वाचतात." मी वहीत अधोरेखित केलं. दोनदा. ती वही माझ्याकडे अजून आहे, आणि त्या दोन रेघांची मला आज जेवढी लाज वाटते तेवढी कशाचीच वाटत नाही.

त्या वर्षी आमची मोहीम कुष्ठरोगाची होती. लोक रक्तपिती म्हणायचे आणि म्हणताना पाय मागे घ्यायचे. आम्ही चौकाचौकांत पथनाट्य करायचो. हा रोग औषधाने पूर्ण बरा होतो. बऱ्या झालेल्या माणसापासून तो कोणाला होत नाही. डफ वाजवायचा, घसा फाडायचा. देवपूरच्या चौकात आमचा खेळ झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी गच्चीवर गेले. कुरडयांचेच दिवस. बाकीच्या खाली चीक हाटत होत्या, वर फक्त अक्का, रिकाम्या धोतरांचे कोपरे दगडांनी दाबत.

"तू काल चौकमा बोलनी, ते मी आयकं," ती म्हणाली.

"कसं झालं?"

"आवाज मोठा शे तुन्हा." मग एक दगड ठेवून झाल्यावर, "खरं शे ते. तो रोग बरा व्हस. मी व्हयनू."

मला आधी कळलंच नाही. ती दगड ठेवत राहिली आणि सांगत राहिली, कुरडया मोजाव्यात इतक्या सरळपणे. विसाव्या वर्षी पाठीवर चट्टा आला. गावातून रात्रीतून बाहेर काढलं. नानांनी, तेव्हा नुकती मिशी फुटलेल्या नानांनी, आग्रा रोडवर ट्रक थांबवून तिला वर नेलं, रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला. तिथे एक इस्पितळ होतं, जपानी डॉक्टर आणि नर्स असलेलं. सहा वर्षं. खोलीत कोणी बंगाली, कोणी तेलुगू, कोणी पहाडातली. एकीचं गाणं दुसरीला माहीत नाही. मग संध्याकाळी हारुबाई नावाची नर्स बोटांचा व्यायाम घ्यायची आणि त्याबरोबर तिच्या देशाचा खेळ, नावाला नाव जोडायचा. जपानात खेळतात ते नुसते शब्द जोडून. हिने गाण्यांची नावं जोडायला लावली. एक नाव, एकदा मूठ. पुढचं नाव, मूठ उघड. कोणाचंच गाणं सगळ्यांचं नव्हतं, म्हणून जपानी गाणी सगळ्यांची झाली.

"नावाच्या शेवटी न आला की बाद, ते तिचंच?"

"तिन्हंच. ती म्हने, नुसता न वरना आम्हना शब्दच नही, न वर खेळ मरस. खेळ मरू द्यानं नही." अक्का हसली. "तू पाचवीमा व्हती तवय वरडनी, खोटं, खोटं. माले वाटनं, आते सांगी टाकू. पन नही सांगं."

"मग आता मला का सांगितलंस?"

तिने शेवटचा दगड ठेवला. "तू चौकमा उभी राहीसन बोलनी म्हनून. माले बरं वाटनं. पन तुले सांगं, तेवढंच. दुसरा कोणले सांगू नको. शैलालेबी माहीत नही. मन्ही एवढी जागा शे." तिने टाकीखालच्या गोणपाटाकडे हनुवटी केली. "तेवढी ऱ्हाऊ दे."

मी तिचा हात धरला. तो वळलेला हात. मला स्वतःचा फार अभिमान वाटला, हात धरल्याचा.

आणि त्या आठवड्यात मी पत्रक लिहिलं.

कारणं सांगत बसणार नाही. तेव्हा मला भरपूर सुचली होती. लपवणं हाच खरा रोग आहे. ती बोलू शकत नाही तर आपण बोललं पाहिजे. एक उदाहरण शंभर भाषणांना भारी. सगळी वाक्यं आखूड होती, सगळ्यांत धक्का होता. खरं नाव घातलं, खरं गाव घातलं. आणि मथळ्याखाली ही ओळ: 'ज्यांच्या हातच्या कुरडया तुम्ही दरवर्षी आवडीने खाता, त्या अक्का एकेकाळी कुष्ठरुग्ण होत्या.'

ज्यांच्या हातच्या.

अक्काने कधी एका कुरडईला हात लावला नव्हता. मी जन्मापासून ते पाहत होते. पण 'ज्या कुरडयांची राखण करतात' असं लिहिलं तर ओळीत दम राहत नव्हता. म्हणून मी हात लावून दिला. पाचवीत असताना तिच्या खऱ्या गाण्याला भर गच्चीत खोटं म्हणणारी मी, तेव्हापासून घसा फोडून खऱ्याच्या बाजूने उभी असल्याचा आव आणणारी मी. एवढी एक ओळ खोटी लिहिली, आणि नेमकी तीच लोकांनी वाचली.

पत्रकं शनिवारी संध्याकाळी वाटली. रविवारी सकाळी गच्चीवर पाय ठेवला. आदल्या दिवशीच्या कुरडया अर्धवट वाळून पडल्या होत्या, तिन्ही घरांच्या. ताराकाकू आपलं धोतर चारी कोपऱ्यांनी उचलत होत्या. कुरडया एकमेकींवर घासून मोडल्याचा आवाज येत होता, वाळली पानं पायाखाली यावीत तसा.

"काकू, काय करता?"

"गाईला घालते."

"पत्रकात लिहिलंय ना, बऱ्या झालेल्या माणसापासून काहीही—"

"वाचलं मी. सातवी पास आहे मी." त्यांनी गाठ मारली. "हातच्या असं लिहिलंस ना तू? आम्हाला तर वाटलं होतं, ती हात लावत नाही. म्हणजे आमच्या मागे लावत होती. तुला तर सगळं माहीत असतं."

मी तोंड उघडलं. तेव्हा सांगता आलं असतं. काकू, ती ओळ खोटी आहे, मी सजवून लिहिली. एवढंच वाक्य होतं, आखूड. पण मग बाकीचं पत्रकही खोटं ठरलं असतं, मोहीम खोटी ठरली असती, मी खोटी ठरले असते. मी म्हणाले, "तुमचे विचारच मागासलेले आहेत." आणि जिना उतरले.

टाकीखालचं गोणपाट रिकामं होतं. त्यावर कावळा बसला होता.

आईने आमच्या कुरडया फेकल्या नाहीत. "माझ्याच पोरीने लिहिलं, मी कशा टाकू?" ती म्हणाली, आणि वाळल्यावर डब्यात भरून माळ्यावर ठेवल्या. फेकल्या नाहीत, पण तळल्याही नाहीत. एकदाही नाही. आम्ही दोघी त्या डब्याबद्दल कधी बोललो नाही.

संध्याकाळी नाना आले. दारातच उभे राहिले, आत या म्हटलं तरी येईनात. "पोरी, तू खरंच लिखं," ते म्हणाले, "तुन्हं काही चुकनं नही." मला वाटतं त्यांनी मला मारलं असतं तर मी आज बरी असते. शैला मात्र जिन्यात भेटली तेव्हा थांबली नाही. जाता जाता म्हणाली, "झालं ना समाधान? लहानपणापासून तुला तेच पाहिजे होतं. ओळ म्हण, ओळ म्हण. म्हणवून घेतलीस."

आठ दिवसांनी नानांच्या दारात रिक्षा उभी राहिली. शैलाला बघायला पाहुणे यायचे होते, आणि अक्का दोंडाईच्याला मावशीच्या नातवाकडे राहायला निघाली होती. कोणी जा म्हटलं नव्हतं. कोणी राहा असंही म्हटलं नव्हतं. निघायच्या आधी ती गच्चीवर गेली. मी पाहिलं आणि मागोमाग गेले. काय बोलायचं ते तयार केलं होतं, मुद्द्यांसकट.

ती टाकीखाली, आपल्या जागेवर बसली होती. भर उन्हात छत्री मिटलेली. गच्चीवर वाळत घातलेलं काहीच नव्हतं. राखायला काही नव्हतं.

"अक्का, लोकांचं अज्ञान—"

"मी एकबी कुरडईले हात लायेल नव्हता," ती म्हणाली. "तुले माहीत व्हतं."



खाली रिक्षावाल्याने हॉर्न दिला. तिने विचारलं, "कागद शे का?"

झोळीत उरलेली पत्रकं होती. दुसरा कागद नव्हता. मी एक बाहेर काढलं आणि लाजेने हात पुढे होईना. "हाच आहे."

तिने पाहिलं. तिला वाचता येत होतं. इस्पितळात शिकली होती. स्वतःचं नाव ठळक ठशात पाहिलं, आणि कागद उलटा केला.

"पाठ कोरी शे ना? मंग लिख."

ती सांगत गेली, मी लिहीत गेले. नेको तो कासा. साकाना नो योरु. एकेक नाव, पुढच्या नावाला जोडलेलं. नाव सांगताना मूठ मिटायची, पुढच्याला उघडायची. मी अर्थ विचारले तर अर्थ सांगितले. 'नो' म्हणजे आपलं 'चा-ची-चे', हेही सांगितलं. मिदोरि नो हाशि, हिरवा पूल. अशी सोळा झाली. सतरावं नाव 'रोजि नो कामे', गल्लीतलं कासव. तिथे ती थांबली.

"न वर आनं नही मी. ध्यानमा ठेव. आते तुन्हावर म शे."

मला म वरून गाणं सुचेना. मराठीत म वरून किती गाणी आहेत! एकही सुचेना. हॉर्न पुन्हा वाजला. ती उठली, गोणपाट झटकलं, घडी करून काखेत घेतलं, आणि जिना उतरून गेली. मी पत्रक हातात धरून उभी. घरात आले, माळ्यावर चढले, डब्यातल्या कुरडया बाजूला केल्या आणि ते तळाशी खुपसलं.

त्यानंतरही मी पत्रकं लिहीत राहिले. हे विशेष लाजिरवाणं आहे. थांबलेही नाही.

परवा मात्र डबा उघडला, आणि काल मी दोंडाईच्याची एसटी धरली. पत्ता नानांनी दिला. आता ते थकलेत. शैला सासरी आहे, सुखात आहे म्हणतात. दोंडाईच्यात उतरलं की नाकातोंडात मिरची जाते. मोकळ्या पटांगणांवर लाल मिरची पसरलेली, हंगामाचा शेवट, बायका देठ खुडत बसलेल्या, पदर नाकाला. रेल्वे स्टेशनाच्या अलीकडे एका घरापुढच्या अंगणात मिरची वाळत होती आणि कडेला, लिंबाखाली, एक काळी छत्री होती.

तिने मला ओळखलं. उठली नाही. गोणपाटावर थोडी सरकली. मी बसले. मला सारख्या शिंका येत होत्या, डोळ्यांतून पाणी. ते मिरचीचं होतं असं सांगायची चांगली सोय होती, पण ते सगळं मिरचीचं नव्हतं.

"अक्का, ती ओळ खोटी होती. मला माहीत असून लिहिली. ताराकाकूंसमोर बोलायची वेळ आली तेव्हाही बोलले नाही."

ती मिरचीकडे पाहत राहिली. "मंग आते कोणले सांगी ऱ्हायनी? माले? माले तं माहीत शे."

बरोबर होतं. तिला सांगून काय उपयोग.

"लिहू का? सगळं, जसं झालं तसं? या वेळी विचारायला आले."

तिने कडुलिंबाची फांदी मिरचीवरून हलवली. मालगाडी गेली. मग म्हणाली, "लिख. नाव दुसरं घाल."

"कोणतं?"

"इंदू घाल. इंदू चांगलं शे. मन्ही आईले पोरीस्ना नावच सुचेत नही." आणि पहिल्यांदा हसली, तिरकं, छत्रीच्या आत.

म्हणून हे नाव. शिबिरातल्या फळ्यावरचा नियम मी इथे मोडला आहे. या लेखातलं एकही नाव खरं नाही, तिचं आता जे गाव सांगितलं तेही नाही. ज्यांना 'एक बाई' वर विश्वास ठेवता येत नसेल त्यांनी ठेवू नये. ती कुरडयांना हात लावत नव्हती, एवढं मात्र खरं आहे. ताराकाकूंना मी आजच जाऊन ते सांगणार आहे, त्यांच्या ओट्यावर उभी राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं. चौकात मोठा आवाज काढता येतो, तर ओट्यावरही येईल.

निघताना मी झोळीतून ते पत्रक काढलं. पाठ वर करून तिच्या पुढ्यात ठेवलं. तिने सतराव्या नावावर बोट टेकवलं, वळलेलं बोट.

"तुन्हावर म शे अजून."

"इतकी वर्षं?"

"मी आकडा मोजाले सुरुवात कोठे करी?" ती म्हणाली. मग छत्री नीट धरून भेंडीचे आकडे मोजायला लागली. "एक."

मी आठवू लागले. पुन्हा तेच, काही सुचेना. एक कावळा मिरचीकडे पाहून परत गेला.

"दोन."

"मिदोरि नो..." मी म्हटलं. हिरवा एवढंच मला येत होतं, आणि नो. "मिदोरि नो गाच्चि." आपल्याच गच्चीचं जपानी करून टाकलं.

अक्काने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिच्या हातातली फांदी थांबली. मग तिने छत्री मिटली, मांडीवर आडवी ठेवली आणि डावा हात माझ्यापुढे उघडा धरला, जेवढा उघडतो तेवढा.

"ओळ म्हण," ती म्हणाली.

मला ओळ येत नव्हती.